सुईचं टोक

यंत्र सकाळी आलं आणि दुपार टळेपर्यंत खोक्यातच पडून राहिलं. नव्या वस्तूला हात लावायला मला धीर लागतो, आणि त्या दिवशी धीर गोळा करायलाही सवड नव्हती. हॉस्पिटलातल्या तान्ह्या बाळांच्या वॉर्डासाठी दुपटी शिवून द्यायची होती. तिथल्या मेट्रनबाईंनी बजावलं होतं, "यापुढे प्रत्येक दुपट्यावरून मेटल डिटेक्टर फिरवायचा. त्याशिवाय एकही आत घेणार नाही." मी तोंडाने हो म्हटलं. मनात म्हटलं, आमच्या दुपट्यांत सुया निघायला आम्ही काय काल शिवायला बसलो?

माणसाने मनातसुद्धा जपून बोलावं.

घराची मागची खोली हाच आमचा कारखाना. खिडकीपाशी मशीन आहे, ते नणंदेचं. भिंतीला लागून लाकडी टेबल, तिथे मी कापड कापते आणि कोपरे हाताने शिवते. मधल्या खुर्चीवर तयार दुपट्यांची चळत. नणंद माझ्याहून मोठी, मी तिला ताई म्हणते. मी बोलून मोकळी होणारी, ती पोटात ठेवणारी. माझा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जातो आणि तिचा तिच्याच ओठांच्या बाहेर पडत नाही. माझी मुलगी म्हणते, "आत्याच्या वाट्याचंही आईच बोलून टाकते." ही मुलगी तेव्हा दीड महिन्याचं बाळ घेऊन आमच्याकडे राहायला आली होती.

आमच्या कामात एक नियम आहे आणि तो मीच घातलेला आहे. मशीनची सुई तुटली की हातातलं काम थांबवायचं, सगळे तुकडे शोधायचे, नव्या सुईशेजारी ठेवून जुळवायचे. पुरी सुई झाली तरच पुढची टीप मारायची. मोठ्यांच्या कपड्यात तुकडा राहिला तर माणूस ओरडेल तरी. तान्हं बाळ नुसतं रडतं, आणि रडणाऱ्या बाळाला लोक आणखी घट्ट गुंडाळतात.

त्या सकाळी सुई तुटली होती. मी पुढच्या खोलीत यंत्र घेऊन आलेल्या माणसाशी बोलत होते. परत आले तर मशीन चालू. नणंद मान वर न करता म्हणाली, "सुई तुटली होती. तुकडे डबीत ठेवलेत." मी बरं म्हटलं. तिच्या बोटाला कापडाची चिंधी बांधलेली होती, पण आमच्या दोघींपैकी कुणाच्याच बोटाला चिंधी नसेल तर त्या दिवशी सुट्टी असते. मी दुसऱ्यांदा पाहिलंही नाही.

दुपारी चहा झाल्यावर मी डबी उघडली. मशीनला राहिलेला जाड दांडा होता, नेढ्याचा तुकडा होता. नवी सुई काढून शेजारी ठेवली. पुन्हा ठेवली. चष्मा पुसून पुन्हा ठेवली.

टोक नव्हतं. तांदळाच्या कणीएवढं टोक, पण नव्हतं.

"ताई, टोक कुठंय?"

"तेवढेच मिळाले."

"तेवढेच मिळाले? आणि तुम्ही शिवत बसलात? सकाळपासून?"

तिने पॅडलवरचा पाय काढला आणि हात मांडीवर ठेवले. भिंतीशी बोलावं तर भिंत निदान आवाज परत देते. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. शेवटी म्हटलं, "सुई तुटली त्याच्या पुढची-मागची सगळी दुपटी बाजूला काढा. यातलं एकही घराबाहेर जाणार नाही." आणि चळतीकडे वळले.

चळतीतलं पिवळं दुपटं नव्हतं. जेवणाआधी मुलगी दारात आली होती. बाळाची सगळी दुपटी ओली झाली, एक घेऊ का, म्हणाली. मीच म्हटलं होतं, घे की, वरचंच घे.

आणि जेवण झाल्यापासून बाळ रडत होतं.

मी धावले. माझं वय आणि माझी गुडघेदुखी दोन्ही त्या खोलीत राहिली असावीत. मुलगी बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती. पिवळं दुपटं नीट, चारी बाजूंनी घट्ट. "सोड ते, सोड आधी," म्हणत मी ओढूनच काढलं. तिला वाटलं, माझं डोकं फिरलं. सुईचं सांगितल्यावर तिने बाळाला पलंगावर ठेवलं, अंगावरचं झबलंही काढलं, आणि आम्ही दोघी वाकलो.

उजव्या मांडीवर लाल ठिपका होता.

"लस टोचली ना परवा?" मी म्हटलं.

"ती डाव्या मांडीत टोचली."

बाळ मुठी आवळून, लालबुंद होऊन रडत होतं. एवढ्याशा मांडीत ते टोक शिरलं असेल तर कुठे जाईल, किती आत जाईल, हे मी डोक्यात येऊ देत नव्हते आणि तेच येत होतं. मुलगी म्हणाली, "आई, दवाखान्यात जाऊ."

"जाऊच. पण आधी ते यंत्र आण. डॉक्टरांना सांगता तरी येईल."

यंत्र हातभर लांबीचं, एका टोकाला मूठ, दुसऱ्या टोकाला चपटी पट्टी. सोबतच्या पुस्तिकेतली भाषा कुठल्या देशाची होती देव जाणे, पण चित्रं होती. एका चित्रात हात होता आणि घड्याळ, अंगठी, बांगडी यांवर फुल्या. मी घड्याळ काढलं, अंगठी काढली, कानातलंसुद्धा काढलं, चित्रात नव्हतं तरी. चित्रात पट्टी कापडापासून बोटभर वर धरलेली होती आणि सावकाश फिरवल्याचा बाण होता. लाल बटण दाबलं. यंत्राने एकदा पीं केलं आणि गप्प बसलं.

मला आधी दुपट्यावर पाहायचं होतं. बाळावर एकदम फिरवायचा धीर नव्हता. टेबलावर पिवळं दुपटं पसरलं आणि यंत्र किंचाळलं. टेबलाच्या कडेला खिळे. जमिनीवर सतरंजी टाकली, त्यावर पसरलं. डाव्या हातात यंत्र धरलं, उजव्याने सुरकुत्या सारत गेले. कापडावरून फिरतो तो माझा उजवाच हात, अर्ध्या आयुष्याची सवय आहे. यंत्र वाजलं. मी तिथे चाचपलं, काही लागेना. यंत्र मागे नेलं, गप्प. पुढे नेलं, वाजलं, पण आता दुसरीकडे. पुन्हा तिथेच नेलं तर मुकं. मग दुसरं दुपटं घेतलं, तेही वाजलं. तिसरंही.

"सगळ्यांत कसं असेल?" मुलगी म्हणाली. "एकच टोक हरवलंय ना?"

"मला काय विचारतेस? पंचाक्षरी मांत्रिक आहे का मी?"

यंत्र खराब असेल, असं मनाला समजावलं. पण खराब यंत्र काही नसताना वाजतं तसं असताना गप्पही बसत असेल, मग त्याचा उपयोग काय, असंही मनच म्हणत होतं. नणंद दारात उभी होती. चेहरा पांढरा, हात पदराखाली. मला तिच्याकडे बघवेना. रागाने म्हणा, भीतीने म्हणा.

मुलीने बाळाला सतरंजीवर ठेवलं. मी उजव्या हाताने तो एवढासा पाय धरला, कारण तो लाथा झाडत होता, आणि डाव्या हाताने यंत्र मांडीवर आणलं.

वाजलं.

मुलगी यंत्राकडे वाकली. "पुन्हा," ती म्हणाली. मी यंत्र लांब नेलं, गप्प. मांडीवर आणलं, वाजलं. ठिपक्याच्या अगदी वर तर थांबायचं नावच घेईना. मुलगी रडायला लागली, बाळ रडतच होतं. मी त्या सकाळपासूनच्या प्रत्येक गोष्टीला शिव्या घातल्या, सुईला, पिवळ्या रंगाला, वरचंच घे म्हणणाऱ्या माझ्या जिभेला.

"वहिनी," दारातून आवाज आला. "अंगुस्तान."

मला कळेचना.

"तुझ्या बोटात अंगुस्तान आहे."

मी उजवा हात पाहिला. मधल्या बोटावर ते लोखंडी टोपण होतं. सुई टोचू नये म्हणून सकाळी घालते आणि निजताना काढते. कधीकधी त्यासकट भांडी घासते. अंगठी काढायची तर आठवण राहते, कारण अंगठी म्हणजे दागिना. अंगुस्तान म्हणजे बोटच. पुस्तिकेत त्याचं चित्र नव्हतं, कारण चित्र काढणाऱ्याने कधी टाके घातले नसावेत.

ते काढून मी खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला फेकलं. पुन्हा बाळाचा पाय धरला. यंत्र मांडीवर आणलं.

गप्प.

ठिपक्यावर, पोटावर, पाठीवर, टाळूपर्यंत. गप्प. ते चालू आहे ना म्हणून डबीतल्या नेढ्याच्या तुकड्यावर धरून पाहिलं, तर लगेच ओरडलं. मग पुन्हा बाळावर, आणि पुन्हा गप्प. मुलीने बाळाला उचलून छातीशी घेतलं तेव्हा तिच्या कोपराजवळ तसाच लाल ठिपका मला दिसला. डास. आदल्या रात्री खिडकी उघडी राहिली होती. मी खाली बसले ती बसलेच. हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही, आणि दोन्हीची लाज वाटत नव्हती.

बाळ पाजल्यावर झोपलं. मी एकेक दुपटं सतरंजीवर पसरून पाहिलं. एकही वाजलं नाही. मशीनखालची जमीन पाहिली, केरसुणीने काढलेला केर पाहिला, तिथे एक टाचणी निघाली आणि जुनं हूक. टोक नाहीच. आणि टोक सापडत नाही तोवर मला ही दुपटी कुणाच्याही बाळाला देववणार नव्हती. यंत्र चुकत असेल तर? मी चुकत असेन तर? मघाशी नव्हते का चुकले?

"गेलं कुठे मग?" मी म्हटलं. "हवेत विरघळलं?"

नणंद पुढे आली. माझ्यासमोर सतरंजीवर बसली, बोटाची चिंधी सोडायला लागली. आतली चिंधी काळपट झाली होती आणि बोट, उजव्या हाताचं पहिलं, सुजून टम्म झालं होतं.

"यावरून फिरव," ती म्हणाली.

मी फिरवलं. वाजलं.

मी माझे दोन्ही हात पाहिले. मोकळे होते. पुन्हा फिरवलं. बोटाच्या पेरापाशी, नखाच्या जरा मागे, वाजलंच.

"सुई बोटातून गेली तेव्हाच तुटली," ती म्हणाली. "मला वाटलं, ओढून काढली सगळी. टोक खाली पडलं असेल म्हटलं. पण ठणकायला लागलं दुपारपासून."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

"तू म्हणाली होतीस, आता पुन्हा बोटात सुई गेली की मशीनवरून उठायचं. नुसत्या घड्या घालायच्या."

म्हणाले होते. तिचा चष्मा बदलला तेव्हा, सगळ्यांसमोर, माझ्या त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाणाऱ्या आवाजात. गंमत म्हणून म्हणाले होते की खरंच, ते आता मलाही सांगता येणार नाही. ती मात्र ते पोटात घेऊन दिवसभर त्या बोटाने कापड सारत बसली होती. बाळाच्या मांडीवर यंत्र वाजलं तेव्हा दारात तिचं काय झालं असेल, ते आत्ता माझ्या लक्षात आलं.

"बाळाला नाहीये ना पण," ती म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली. "माझ्यातच आहे. बरं झालं बाई."

ती खरंच खूश होती. बोटात सुई घेऊन माणूस इतकं खूश झालेलं मी पाहिलेलं नाही. आणि मला खोटं बोलायचं नाही, यंत्राचा तो आवाज ऐकून पहिल्या क्षणी मलाही सुटल्यासारखं वाटलं होतं. मग ते सुजलेलं बोट दिसलं आणि माझं मलाच कसंतरी झालं.

मी ओरडायला तोंड उघडलं. सवयीने. काय ओरडणार होते, कुणावर, ते ठरलेलं नव्हतं. यंत्र तिच्या बोटावर धरलेलं, ते वाजतंय वाजतंय, आणि ते बंद कसं करायचं ते मला अजून कळलेलं नव्हतं.

शेवटी तिनेच डाव्या हाताने लाल बटण जरा वेळ दाबून धरलं. खोली शांत झाली. पलीकडे बाळाने झोपेत सुस्कारा टाकला.

"चल, डॉक्टरकडे जाऊन येऊ," ती उठत म्हणाली. "आणि काय ओरडायचं ते वाटेत ओरड, वहिनी. इथे बाळ झोपलंय."

मी मशीनवर झाकण घातलं नाही. तिच्या पायापुढे चपला ठेवल्या आणि म्हटलं, "दोरा तसाच राहू दे. परत आल्यावर तुमची टीप तुम्हीच पुरी करायची आहे."