बाहुली काढायचा दिवस

माझी सून डोळे बनवते. असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग माझ्याकडे जरा काळजीनं बघतो. पण खरंच आहे ते. अपघातात किंवा आजारपणात ज्यांचा डोळा जातो, त्यांच्यासाठी ती नवा डोळा घडवते. त्या डोळ्याला दिसत नाही, तो नुसता दिसतो. पण असा दिसतो की दोन्हींतला खरा कुठला, हे समोरच्याला ओळखू येऊ नये.

पूर्वी ती हे काम एका मोठ्या दवाखान्यात करायची. नातू झाला, तेव्हा तिनं नोकरी सोडली आणि घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं काम थाटलं. मोठी खिडकी, खिडकीशी टेबल, त्यावर रंगांच्या चिमुकल्या बाटल्या आणि केसाच्या टोकाएवढे कुंचले. रंगवायचं ते दिवसाच्या उजेडातच, कारण दिव्याखाली रंग खोटं बोलतात म्हणे. त्या खोलीला तिनं एकच नियम घातला होता. बाळ आत येणार नाही.

"आई, आत मी मॅडम आणि बाहेर मी आई," ती म्हणायची. "दोघींची गाठ पडली की दोघी माझ्याच डोक्यावर बसतात."

त्यामुळे दिवसभर नातू माझ्याकडे. अंगानं भरलेला म्हणून आम्ही त्याला गब्बू म्हणतो. माझा रोजचा जप मी त्याला मांडीवर घेऊनच करते. तो माळ ओढतो, मी सोडवून घेते, पुन्हा ओढतो. देव समजून घेत असावा.

गेल्या आठवड्यात एक ट्रक ड्रायव्हर आपल्या मुलीला घेऊन आला. मुलगी पाच वर्षांची. डोळ्यात गाठ झाली, म्हणून डॉक्टरांनी उजवा डोळा काढला होता. त्यावर पट्टी होती.

"मॅडम, ही आमची भिंगरी," बाप म्हणाला. "ही एका जागी बसली तर मी ट्रक विकून टाकीन."

भिंगरी खरंच बसेना. खुर्चीतून तिला एवढं काही दिसायचं की मान चारी दिशांना. त्यात आतल्या खोलीत गब्बूनं दातांच्या ठणक्यानं टाहो फोडला. सून उठली नाही, पण तिची पाठ ताठ झालेली मला दारातून दिसली. हात कामावर होता आणि जीव माझ्या मांडीवर. त्या दिवशी रंगवलेलं बुबुळ संध्याकाळी तिनं मला दाखवलं.

"आई, हा डोळा नाही. हे कोटाचं बटण आहे."

त्यांना तिनं पुन्हा बोलावलं. आता मात्र वेळ नव्हता. बाप परवा लांबच्या फेरीवर निघणार होता, आणि सोमवारपासून मुलीची शाळा. आज रंगवून झालं नाही, तर पट्टी लावूनच शाळेत जावं लागणार होतं. आणि पट्टी लावून मी शाळेत पाऊल टाकणार नाही, असं भिंगरीनं घरी जाहीर करून टाकलं होतं.

सकाळी सुनेनं गब्बूला पोटभर पाजलं आणि मला म्हणाली, "आई, आज अजिबात आवाज नको हं."

"मी कधी आवाज करते गं?"

"तुमचा नाही हो. तुमच्या साहेबांचा."

साहेब माझ्या खांद्यावर झोपले. मी दाराशी स्टूल टाकून बसले. दार किलकिलं होतं. ते लावून घ्यायला हवं होतं, पण बघायचा मोह आवरत नाही.

चिमट्यात धरलेली बुबुळाची चकती, नखाएवढी. तिच्या कडेनं सुनेनं गडद कड ओढली. मग त्या कडेतून आत येणाऱ्या बारीक बारीक रेघा, एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. मी जन्मभर लोकांच्या डोळ्यांत बघून बोलले आणि तपकिरी म्हणजे तपकिरी, एवढंच समजत आले. इथे एका तपकिरीत गंज होता, वाळलेलं गवत होतं, पाण्याखालच्या दगडाचा हिरवेपणा होता. एवढ्याशा गोलात एवढं सगळं! ज्यानं हे पहिल्यांदा घडवलं, त्याला काय ती सवड असेल, असं मनात आलं आणि बोटातला जपाचा मणी तिथेच राहिला.

भिंगरी आज जमेल तेवढी शहाण्यासारखी बसली होती. नुसते पाय हलत होते.

"शाब्बास!" सून तिला म्हणाली. "झालंच आता. फक्त बाहुली राहिली. हलू नकोस हं, मी बाहुली काढते."

खुर्ची धाडकन मागे पडली. भिंगरी टेबलाखाली, आणि दोन्ही हात चांगल्या डोळ्यावर.

"नको! हा डोळा नको काढू! बाबा, हा पण काढणार!"

"अगं ए, काय झालं?" बाप गुडघ्यावर बसला. "बाहेर ये. कोणी काही करत नाही."

"अगं, बाहुली काढणार म्हणजे मी..." सून बोलता बोलता थांबली. तो शब्द तिच्यापर्यंत पोचलेला मला दिसला. या पोरीचा डोळा दवाखान्यात असाच 'काढला' होता. सून बाहुली काढायची ती कागदावर चित्र काढावं तशी, डोळ्यातला मधला काळा ठिपका रंगानं. आजवर कितीतरी मोठ्या माणसांना तिनं हेच सांगितलं असेल. कोणी घाबरलं नव्हतं.

गलक्यानं गब्बू जागा झाला आणि त्यानं जो सूर लावला! मी उठले, त्याला घेऊन लांब जावं म्हणून. मनात म्हटलं, गेलं आजचं काम.

"थांबा आई," सून म्हणाली. तिनं खिडकीतल्या उजेडाकडे पाहिलं, टेबलाखाली पाहिलं. "द्या त्याला इकडे."

"आत?"

"आत."

ती जमिनीवर फतकल मारून बसली आणि गब्बूला पदराखाली घेतलं. ट्रक ड्रायव्हर लगेच भिंतीकडे वळून कपाटातल्या बाटल्या वाचायला लागला, उद्या त्यांची परीक्षा असावी तसा. गब्बूचे हुंदके हळूहळू विरले.

टेबलाखालून आवाज आला, "तो का रडला?"

"त्याची झोपमोड झाली."

"माझ्यामुळे?"

"मग कोणामुळे? केवढ्यांदा ओरडलीस. शेजारच्यांचीही झाली असेल."

टेबलाखाली कोणीतरी खुदकन हसलं. मग भिंगरी बोटांच्या फटीतून बघत, बसल्या बसल्या सरकत बाहेर आली. गब्बू दूध पिता पिता पदर सारून तिच्याकडे टक लावून बघायला लागला, पापणीसुद्धा न हलवता. ती जवळ सरकली. अजून जवळ. हात कधी डोळ्यावरून खाली आले, तिला कळलंही नाही.

"याच्या डोळ्यात कोणीतरी आहे."

"कोण आहे?"

"मुलगी. एवढुशी."

"पट्टी आहे का तिला?"

तिनं नाक जवळजवळ गब्बूच्या नाकाला लावलं. "आहे!"

"तीच बाहुली," सून म्हणाली. "म्हणून त्या काळ्या ठिपक्याला बाहुली म्हणतात. आत कोणीतरी दिसतं ना, म्हणून."

"ती बाहेर काढता येते?"

"छे गं. तिला कोणालाच हात लावता येत नाही. मी नुसतं तिचं घर रंगवते."

भिंगरी मागे झाली. पुढे झाली. "गेली," ती पुटपुटली. "आली. गेली. आली."

"आई," सून मान न वळवता अगदी हळू बोलली, "तो चिमटा खाली द्या. आणि बारीक कुंचला."

त्या खोलीतल्या वस्तूला मी तोवर कधी हात लावला नव्हता. माझं स्टूल तिच्या शेजारी ओढून चकतीसकट चिमटा मी त्यावर अलगद ठेवला. तिच्या डाव्या हातात बाळ, उजव्या हातात कुंचला, आणि वीतभर अंतरावर भिंगरीचा चेहरा, स्तब्ध. पायसुद्धा हलत नव्हते.

"गेला माझा ट्रक," बाप भिंतीकडे बघतच पुटपुटला.

कुंचला चकतीकडे गेला आणि मध्येच थांबला. "अगंबाई," सून म्हणाली. खुर्चीवरून जे कधी दिसलं नव्हतं ते आता जवळून दिसलं होतं. भिंगरीच्या चांगल्या डोळ्याच्या तपकिरीत खालच्या बाजूला मधाच्या रंगाचा एक कण होता, मोहरीहूनही बारीक. तिनं आधी तो टिपला. गब्बूचं दूध पिणं चालू होतं, त्याच्या प्रत्येक घोटाबरोबर तिचा खांदा किंचित हलत होता, आणि कुंचल्याचं टोक मात्र हलत नव्हतं. एकाच देहात हे दोन्ही कसं मावतं, मला अजून सांगता येणार नाही.

मग बाहुली. भिंगरीची बाहुली मोठी होत होती. उजेड तोच होता, खिडकी तीच होती, पण गब्बूकडे बघता बघता तो काळा गोल सावकाश, कळी उमलावी तसा रुंदावत गेला. जिवाला आवडतं ते बघताना असं होतं, हे मला सुनेनं नंतर सांगितलं. घडवलेल्या डोळ्याची बाहुली मात्र जन्मभर आहे तेवढीच राहते, म्हणून ती नेहमी मध्यम आकाराची काढतात. सून कुंचला धरून नुसती बघत राहिली.

"केवढी काढू?" स्वतःला विचारलं की पोरीला, कोण जाणे.

"आहे तेवढी," गब्बूच्या डोळ्यातून नजर न काढता भिंगरी म्हणाली.

सुनेनं तेवढी काढली. नेहमीपेक्षा जरा मोठी.

बुबुळ पांढऱ्या डोळ्यात बसवून, वर काचेसारखा थर चढवून, घासून पुसून दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा तयार झाला. बाप-लेक दोघंही वेळेआधीच हजर. सुनेनं तो हलकेच बसवला आणि आरसा पुढे केला. भिंगरीनं तो घेतलाच नाही.

"बाबा, खाली बस."

तो धिप्पाड माणूस गुडघ्यावर बसला.

"बघ. आहे का कोणी?"

त्यानं डाव्या डोळ्यात पाहिलं. मग उजव्यात. मग परत डाव्यात.

"सांग ना! कुठल्यात आहे?"

"दोन्हींत," तो कसाबसा म्हणाला. "दोन्हींत मीच आहे गं. मिशीसकट."

"मग हलू नकोस," भिंगरी म्हणाली, आणि तो हलला नाही.