निळ्या माशाची शेपटी

मी एक जुनी हातजाळी आहे, मित्रांनो, जेमतेम तळहाताएवढी. थायलंडमधल्या नाखोन पाथोमला राहणाऱ्या लमायमावशींनी मच्छरदाणीचे मऊ कापड तारेच्या कड्यावर शिवून मला घडवले. त्यांच्या पडवीत लढाऊ मासे वाढतात. दोन नर एकत्र आले की भांडतात, म्हणून प्रत्येकाची बाटली वेगळी. पाणी बदलताना मी त्यांना अलगद उचलत असे. "हिच्यामुळे एकाचाही खवला कधी उडाला नाही," असे मावशी सांगत आणि मला धन्य वाटे.

एकदा बाजारातून एक लाल नर आला. त्याच्या शेपटीची कड पांढुरकी होती. त्याला उचलून मी तशीच ओली दुसऱ्या बाटलीत गेले, मग तिसऱ्या. आठवड्याभरात अकरा माशांच्या शेपट्या कुरतडल्यासारख्या झिजल्या. चार मासे दगावले. मावशींच्या दिवंगत आईने जोपासलेल्या निळ्या वाणाचा उरलेला एकमेव नरही तळाशी पडून राहू लागला. "पाणीच बाधले," असे मावशी म्हणत; त्यांना जेवण गोड लागेना.

शेवटी त्यांची थोरली बहीण बुनरुआन आली. माशांच्या दवाखान्यात तिची उभी हयात गेली होती. मावशी मला एका बाटलीतून काढून तशीच दुसरीत घालताना तिने पाहिले.

"पाण्याला काय बोल लावतेस? तुझी ही लाडकी जाळीच बाटलीबाटलीत रोग वाटत फिरतेय."

"ताई, ती किती मऊ आहे, बघ तरी."

"मऊ आहे म्हणून धुवायची नाही होय?"

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

आजारी मासे दूरच्या फळीवर गेले. त्यांना रोज स्वच्छ पाणी, मोजून मीठ आणि डॉक्टरांनी दिलेले औषध मिळू लागले. तिसऱ्या दिवशी निळा नर हलला, तेव्हा मावशी म्हणाल्या, "बरा झाला. आता औषध बंद करू?"

"तू तापाच्या गोळ्याही अशाच अर्ध्यात सोडतेस," बुनरुआन म्हणाली. "सांगितलेले दिवस पुरे कर."

आजाऱ्यांसाठी वेगळी जाळी आली. मला जंतुनाशकात बुडवून, खळखळून धुऊन उन्हात वाळत घातले.

दोन आठवड्यांनी निळ्याच्या शेपटीला काचेसारखी नितळ कड फुटली. एका सकाळी त्याने पाण्यावर फेसाचे घरटे बांधले. आजारी नर असे घरटे सहसा बांधत नाही. मावशींनी बहिणीला हाक मारली.

"ताई, भात वाढ गं," त्या म्हणाल्या. "भूक लागली."

उरलेले सातही मासे वाचले.

म्हणून सांगते, नवा मासा आणलात तर काही आठवडे त्याला वेगळा ठेवा. उरलेले खाद्य पाण्यात कुजू देऊ नका. आणि आम्हा जाळ्यांवर कितीही जीव असला, तरी आम्हाला धुतल्या-वाळवल्याशिवाय पुढच्या पाण्यात घालू नका.