तीन डोंगरांच्या छापाचा ड्रायव्हर

गोल्फ हा खेळ मी आयुष्यात एकदाही खेळलो नाही. पण त्या खेळातल्या लाकडी काठ्यांच्या पोटात काय असतं, ते खेळणाऱ्यांपेक्षा मला जास्त ठाऊक आहे.

गिरगावात ठाकुरद्वारजवळ मनमोहन त्रिलोकेकरांचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. पुढे काचेची कपाटं आणि मागच्या खोलीत माझं कामाचं बाकडं. बॅटींना दांडे बसवायचे, हॉकीच्या काठ्या तासायच्या आणि गोल्फच्या काठ्या दुरुस्त करायच्या, एवढं माझं काम. माझ्याआधी त्या बाकड्यावर अप्पा मेस्त्री तीस वर्षं होते. मला हातोडी धरायला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा ते परळला मुलाकडे जाऊन बसले आणि बाकडं माझ्याकडे आलं.

गोल्फमध्ये पहिला लांब फटका मारायचा तो ड्रायव्हर. पुढे गवतावरून चेंडू उचलायच्या त्या ब्रासी आणि स्पून. तिन्हींचंही डोकं लाकडाचं, आपल्या टेंभुर्णीच्या भावकीतल्या झाडाचं. डोक्याच्या तळाला पितळी पट्टी असते. पट्टीखाली एक भोक, आणि त्यात वजनासाठी शिसं.

आमच्याकडे दोन कंपन्यांचा माल चालायचा. ग्लेनबर्न ही स्कॉटलंडची. तिच्या पट्टीवर काटेरी फूल आणि पट्टीला तीन स्क्रू. ट्रेमोंट अमेरिकेची. तिच्यावर तीन डोंगर आणि स्क्रू चार. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, मी फुलावरून आणि डोंगरांवरून ओळखायचो. साहेब लोक होते तोवर सगळे ग्लेनबर्नच मागायचे. ते गेल्यावर आपल्याकडच्या खेळणाऱ्यांना ट्रेमोंटचं वेड लागलं. आमचा कारकून गुरुदत्त गिऱ्हाइकांना ठरलेलं बोलायचा, "स्पून घ्यायचा तर ग्लेनबर्न घ्या साहेब, गवतात अडकत नाही. पण ड्रायव्हर मात्र ट्रेमोंट. पंधरा यार्ड जास्त, लिहून देतो." स्वतः त्याने कॅरमच्या पुढे काही खेळलं नव्हतं.

सत्तावन साली बाहेरचा माल येणं जवळजवळ बंद झालं. तरी मालकांच्या कुलपातल्या कपाटात दोन-तीन महिन्यांनी नवे कोरे ट्रेमोंट दिसायचे. त्या कपाटाची किल्ली एकच, ती मालकांच्या कोटाच्या खिशात.

"कुठून येतात रे?" मी गुरुदत्तला एकदा विचारलं.

"तू तुझा रंधा मार. दिल्लीला ओळख लागते त्याला."

पुढच्या वर्षी, संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळात दुकान दोन दिवस बंद होतं. तिसऱ्या दिवशी जगदीश नवलकर नावाच्या सॉलिसिटरांनी कपाटातला एक ट्रेमोंट ड्रायव्हर नेला. आठ दिवसांत ते परत आले. ड्रायव्हर त्यांनी काचेवर ठेवला नाही, मालकांच्या कानाजवळ नेऊन हलवला.

"ऐका, त्रिलोकेकर."

आत बारीक खुळखुळ वाजत होती.

"आणि जातो किती, ते विचारा. माझा जुना ग्लेनबर्न याच्यापुढे बारा यार्ड जातो. रोज मोजून पाहिलंय. अमेरिकेचा माल म्हणे!"

मालकांनी मागच्या खोलीकडे पाहिलं. "रघुवीर, इकडे ये. हे तू उघडलं होतंस?"

"नाही मालक. कपाटाला माझा हात लागत नाही."

"कपाटाला नाही लागत. पण मागच्या दाराची किल्ली तुझ्याकडे असते. आणि हा ड्रायव्हर त्या आठवड्यात रात्रंदिवस बाहेर टेबलावर होता. गुरुदत्तने पुसायला काढून ठेवला होता."

गुरुदत्त चष्मा पुसत होता. त्याने मान वर केली नाही.

"हरताळाच्या दोन दिवसांत कुठे होतास?" मालकांनी विचारलं.

ते दोन दिवस मी लालबागला आमच्या चाळीच्या गच्चीवर मोर्च्याच्या फलकांना काठ्या ठोकत होतो. साक्षीला सगळी चाळ होती. पण मालकांना मोर्च्याचं नाव काढलेलं खपत नसे. पोलिसांनी एकदा दुकानातल्या हॉकीच्या काठ्या पाहून चौकशी केली होती, तेव्हापासून ते धसकले होते. फलकांच्या काठ्यांचं सांगितलं असतं तर त्याच दिवशी माझं बाकडं गेलं असतं.

"घरीच होतो," मी म्हटलं.

"घरी," मालक म्हणाले. "नवलकरसाहेब, शनिवारी चार वाजता या. तुमच्यासमोर पट्टी उघडू. आतलं शिसं कोणी काढलं असेल तर दिसेलच. आणि रघुवीर, तुझा हात निघाला तर सोमवारी यायचं नाही."

त्या दिवसापासून संध्याकाळी निघताना गुरुदत्त माझा जेवणाचा डबा उघडून पाहायला लागला. रिकाम्या डब्यात बोट फिरवायचा.

"भाकरीखाली शिसं लपवतो वाटतं मी?"

"मालकांचा हुकूम आहे, रघू. माझ्यावर कशाला चिडतोस?"

मला मात्र दुसरीच भीती होती. तो खुळखुळ आवाज मी ओळखला होता. शिसं असं वाजत नाही. तो तांदळाचा दाणा होता.

अप्पांची एक रीत होती. कुठलीही पोकळ जागा रिकामी मिटायची नाही. काठीच्या पोटात शिसं ओतलं की वर लाख आणि लाकडाचा भुसा भरायचा, लाख ओली असतानाच त्यात कुंकू लावलेला अक्षतेचा एक दाणा टेकवायचा, मग पट्टी लावायची. लाख सुकली की दाणा हलत नाही. ही रीत मी त्यांच्याकडून उचलली होती. माझ्या बाकड्यावर अक्षतांची डबी उघडी पडलेली असायची, मालक ती रोज पाहत. म्हणजे पट्टीखालून अक्षत निघाली की माझं नाव घ्यायला कोणाला विचारही करावा लागणार नव्हता.

आणि मी ती काठी उघडली नव्हती. असा दाणा ठेवणारी माणसं माझ्या माहितीत दोनच. एक मी.

बुधवारी मालक बाहेर गेल्यावर मी तो ड्रायव्हर हातात घेऊन पाहिला. दांडी जिथे डोक्यात शिरते तिथे काळा मेणदोरा गुंडाळतात. दोऱ्याचं शेवटचं टोक आत ओढून घ्यावं लागतं. मी ते उजवीकडून घेतो, कारखान्यातही उजवीकडूनच येतं. अप्पा डावखुरे. या काठीचं टोक डावीकडून गेलं होतं. पट्टीवरचे डोंगर निरखले. खऱ्या ट्रेमोंटवर मधल्या डोंगराला बर्फाच्या तीन रेघा असतात. इथे दोन होत्या. वाचता येणाऱ्यांनी नाव वाचलं असणार आणि डोंगराकडे बघितलंच नसणार.

गुरुवारी अर्धा दिवस सुट्टी असायची. मी परळला अप्पांकडे गेलो. वाटेत पाठीमागे दोनदा वळून पाहिलं. गुरुदत्त मागे असेल असं वाटत होतं.

दार अप्पांच्या सुनेने, लीलावहिनीने उघडलं. मला बघून तिचा चेहरा उतरला.

"भावजी, आज कसे काय? सांगून यायचं."

"का? कोणी येणार आहे?"

तिने आत पाहिलं. अप्पा खिडकीशी पाटावर बसले होते. मांडीवर काठीचं डोकं, ओठात मेणदोरा. बाजूच्या गोणपाटावर आणखी तीन डोकी. त्या लाकडाचा रंग मी लगेच ओळखला. साहेब लोक जाताना जुनी ग्लेनबर्न आम्हाला विकून गेले होते, ती ही. फुलाच्या पट्ट्या काढलेल्या. डोंगरांच्या नव्या पट्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या.

"रघ्या? इलंस? चालीवरून वळाखलंय तुका," अप्पा म्हणाले. "खंय होतंस इतके दिस?"

"बाकड्यावरच होतो, अप्पा. हे काय करताय?"

"मालकांचं काम. गुरुदत्त आणून देतो. डोळे गेले, पण बोटं गेली नाहीत म्हणाले मालक. माणूस मोठा." त्यांनी डोकं माझ्यासमोर धरलं. "दोरा बघ. कुठे उंचसखल लागतो का?"

लागत नव्हता. माझाही इतका सरळ बसत नसे.

"पट्टीवर कसला छाप आहे, ठाऊक आहे?"

"मला दिसतंय कुठे? मालक देतात ती लावायची."

"अप्पा, ही काठी नवी म्हणून विकली जाते. आणि आता ती मी फोडली म्हणतात."

अप्पांचे हात थांबले. लीलावहिनी दारातून म्हणाली, "भावजी, या कामावर आमचं घर चालतं हो. ह्यांची गिरणी गेले तीन महिने अर्धीच चालते. मालकांनी सांगितलंय, रघूला कळता कामा नये."

"मला का?"

ती आत निघून गेली. उत्तर मला नंतर परतीच्या वाटेवर सापडलं. कधी ना कधी एखादी काठी परत येणार, हे मालकांना ठाऊक होतं. तेव्हा नाव घ्यायला मी हवा होतो, आणि ज्याला काही ठाऊक नाही तो दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवू शकत नाही.

निघताना अप्पांनी एवढंच विचारलं, "शनिवारी कोण उघडणार?"

"मलाच उघडायला लावतील."

"बरं," म्हणाले आणि पुन्हा दोरा ओठात धरला.

शनिवारी चार वाजता नवलकरसाहेब आले. सोबत त्यांचा जुना ग्लेनबर्नही होता. मी पेचकस घ्यायला मागे गेलो तर मालक माझ्या पाठोपाठ आत आले.

"रघुवीर, आत अक्षत निघाली तर म्हण, चुकून उघडली होती. मी तुला ओरडेन, साहेबांचं समाधान होईल. आणि तुझं बाकडं राहील."

"सोमवारी यायचं नाही म्हणाला होतात."

"माझा शब्द मला फिरवता येतो. परळला गेला होतास ना गुरुवारी? मग अप्पांचाही विचार कर."

म्हणजे पाठीमागे कोणीतरी होतंच.

पुढे येऊन मी काचेवर फडकं अंथरलं. चार स्क्रू काढले. पट्टी उचलली तशी एक लाल अक्षत घरंगळत फडक्यावर आली.

नवलकरसाहेबांनी ती दोन बोटांत धरली. "अमेरिकेत मुंज होती वाटतं कुणाची?"

"रघुवीर!" मालक म्हणाले. "बोल आता."

मी अप्पांच्या हातांचा विचार केला, आणि बाकड्याचाही. खोटं कबूल केलं असतं तर बाकडं राहिलं असतं. पण पुढची काठी परत आली की पुन्हा मीच, आणि तेव्हा माझा आधीचा कबुलीजबाब तयार असता.

"मालक, कपाट उघडा."

"कशाला?"

"त्याला माझा हात लागत नाही, हे तुम्हीच म्हणालात. किल्ली तुमच्या खिशात. आतल्या काठ्या साहेबांना हलवून बघू दे."

मालक जागचे हलले नाहीत. नवलकरसाहेब हसले नाहीत, त्यांनी नुसता हात पुढे केला. वकील माणूस. त्या हातावर मालकांना किल्ली ठेवावी लागली. कपाटात दोन नवे ट्रेमोंट होते. साहेबांनी पहिला हलवला, वाजला. दुसरा हलवला, वाजला.

गुरुदत्त हळूच फुटपाथवर जाऊन उभा राहिला.

"आणि हे पाहा," मी म्हटलं. पट्टीखालच्या लाकडात चार स्क्रूंच्या भोकांशिवाय आणखी तीन भोकं होती, काडी ठोकून बुजवलेली. मी साहेबांच्या जुन्या ग्लेनबर्नची पट्टी काढून त्यावर ठेवली. तिची तीन भोकं त्या तिन्हींवर बरोबर बसली.

साहेबांनी बुजवलेल्या भोकांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे आठ दिवस मी ग्लेनबर्नची बरोबरी ग्लेनबर्नशीच करत होतो?"

"हो साहेब."

"आणि माझ्या मित्राने याच कपाटातला नेला. तो क्लबात छातीठोक सांगतोय, पंधरा यार्ड जास्त जातो!" मग ते मालकांकडे वळले. "कोणी केलं हे काम?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्या नजरेत हुकूम नव्हता.

"साहेब, वाजतंय ते तुम्ही ऐकलंत," मी म्हटलं. "किल्ली कोणाची तेही पाहिलंत. बाकी काम चांगल्या हाताचं आहे, एवढं मी सांगतो."

साहेबांनी पैसे परत घेतले आणि तक्रार केली नाही. जुन्या घराण्यांत एकमेकांची अब्रू राखायची सवय असते. कपाटातल्या दोन काठ्या मात्र त्यांनी समोर बसून जुन्या म्हणून लिहायला लावल्या, आणि आपल्या ग्लेनबर्नचा दोरा मला नव्याने गुंडाळायला दिला. "तूच कर," म्हणाले. हे मालकांच्या देखत म्हटल्यामुळे मला काढणं अवघड झालं. सोमवारी मी कामावर गेलो. डबा कोणी उघडला नाही. पण मालक मागच्या खोलीत आले की मी हातातलं काम फडक्याखाली सारायला लागलो, आणि ती सवय दुकान सुटेपर्यंत गेली नाही.

अप्पांचं काम बंद होईल अशी मला धास्ती होती. झालं नाही. काठ्या आता जुन्या म्हणून विकल्या जायच्या, कमी खपायच्या, पण दोरा त्यांच्याच हातचा असायचा. माल पोचवायचं काम मी गुरुदत्तकडून मागून घेतलं.

पहिल्याच खेपेला मी त्यांना सगळं सांगितलं. अप्पांनी ऐकून घेतलं.

"तिन्ही वाजले?"

"तिन्ही."

"लाख कमी पडली असणार. डोळे नाहीत ना."

लीलावहिनी चहा घेऊन आली आणि विषय संपला. मी त्यांनी नुकतंच बंद केलेलं एक डोकं उचलून कानाशी हलवलं. आवाज नव्हता. दुसरं हलवलं, तिसरं हलवलं. एकातही दाणा हलत नव्हता, लाख काठोकाठ भरलेली. पट्ट्या आता फुलाच्याच होत्या. ती काही त्यांनी डोळ्यांनी भरली नव्हती. मग त्या डोंगरवाल्या तिन्हींतच कशी कमी पडली? पट्टी कसली ते दिसत नव्हतं, पण बोटांना डोंगर लागले नसतील का?

विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. अप्पा मेणदोरा ओठात धरून माझ्याकडे तोंड करून बसले होते, आणि त्यांना मी किती दिसत होतो ते मला कधीच कळलं नाही.