तिसरी बेअरिंग

जुन्या इंजिनाचं किट आता मिळत नाही, हे वाक्य मिस्त्रीमामाने बारा वर्षांत इतक्यांदा म्हटलं होतं, की त्याचं त्यालाच ते खरं वाटू लागलं होतं. आणि आज सकाळी भाचीने गॅरेजमध्ये येऊन टेबलावर किटांच्या माहितीचे तीन कागद ओळीने मांडले.

"बघ मामा. एक सोडून तीन किटं. दुकानदार म्हणाला, केव्हाही या, धूळ खात पडलीत."

"अरे वा," मामा म्हणाला आणि चष्मा पुसू लागला. चष्मा स्वच्छच होता.

भाची औषधांच्या दुकानात कामाला होती. बाटलीवरचं मुंगीएवढं अक्षर वाचल्याशिवाय ती गोळी पुढे करत नसे. गाडी तिच्या बाबांची, म्हणजे मामाच्या दाजींची. बारा वर्षांपूर्वी मामाने तिचं इंजिन नवं करून दिलं, त्याला तीन आठवडे झाले असतील नसतील, तेव्हा एकोणीस वर्षांची भाची ती एकटीने घेऊन गेली आणि भर रस्त्यात इंजिन खडखडून बंद पडलं. तेलाचा लाल दिवा लागला असणार, हिने पाहिला नाही, असं दाजींनी ठरवून टाकलं. दिवा लागलाच नव्हता, असं ती रडून सांगत राहिली. दाजींनी तिच्या हातून किल्ली काढून घेतली, ती कायमची. मामा तिथेच उभा होता.

"बाबा गाडी भंगारात द्यायला निघालेत," भाची म्हणाली. "माझ्या हातून गेली, तर मीच उभी करून देणार. आता सांग, यातलं कोणतं घ्यायचं?"

शिकवायची वेळ आली की मामा सगळं विसरायचा. त्याने पहिल्या कागदावर बोट ठेवलं. "यात नुसती पॅकिंगं. तेल गळू नये म्हणून. दुसऱ्यात पॅकिंगं, रिंगा आणि बेअरिंगा. तिसऱ्यात त्याशिवाय पिस्टनसुद्धा. म्हणजे आतलं सगळंच नवीन." एवढं बोलून तो अडखळला. "मला विचारशील तर मोठंच घे. जुनं काढायचं, टाकायचं, नवं घालायचं. आत काय झालंय ते बघत बसायलाच नको."

"का बरं? पिस्टन तूच नवे घातले होतेस ना? तीन आठवडे तर चालली गाडी."

"हो, पण..."

"सर्दीला कुणी ऑपरेशन सांगत नाही मामा. आधी उघडून बघू."

भाचीने हट्टच धरला म्हणून मामाने काल इंजिन बाहेर काढून स्टँडवर उलटं बसवलं होतं, तळाचं तेलाचं चेंबरही काढलं होतं. त्यापुढे त्याचा हात गेला नव्हता. आता इंजिनाचा कणा, तो जाड क्रँक, दोघांसमोर उघडा होता आणि पाच लोखंडी कॅपांनी तो जागच्या जागी धरला होता.

भाची दुसऱ्या कागदाच्या तळाशी डोळे बारीक करून वाचत होती. "इथे लिहिलंय, छिद्राचा तुकडा ब्लॉकच्या बाजूला बसवावा. म्हणजे काय?"

काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेता आली असती. पण हाताखाली आलेल्या कुणालाही मामाने आजवर चुकीचं शिकवलं नव्हतं, आणि तेवढी एकच गोष्ट त्याला स्वतःबद्दल अभिमानाने सांगता येत होती.

"बेअरिंग म्हणजे कापलेल्या बांगडीचे दोन अर्धे तुकडे समज," तो म्हणाला. "एक ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या धडात, एक कॅपमध्ये, आणि मधे क्रँक फिरतो. तेल येतं ब्लॉकमधून, म्हणून तिथल्या तुकड्याला छिद्र हवंच. पूर्वी दोन्ही तुकड्यांना छिद्र असायचं, कोणताही कुठेही घाला. नंतरच्या किटांत एकालाच यायला लागलं."

"आणि उलट बसलं तर?"

"तेलाची वाट बंद. तेवढी एक बेअरिंग कोरडी फिरते आणि जळते."

"दिवा लागतो तेव्हा?"

मामाने पाना उचलला. "नाही. बाकीच्यांना तेल मिळत असतं, त्यामुळे दिव्याला काही कळत नाही."

पहिली कॅप निघाली. आतला तुकडा सपाट, छिद्र नाही. दुसरीतही तसंच. तिसरीचे बोल्ट सैल करताना पाना दोनदा घसरला. कॅप उलटी करून त्याने टेबलावर ठेवली. आतला तुकडा जळून काळानिळा झाला होता, जागोजागी ओरखडे होते, आणि बरोबर मधोमध एक गोल छिद्र होतं.

भाचीने ते पाहिलं. मग तिने पुन्हा कागद पाहिला. आत्ताच शिकवलेलं ती विसरणारी नव्हती.

"हे छिद्र इकडे नको होतं," ती म्हणाली.

"नको होतं. त्या दिवशी मला घाई होती. हाताला जुनी सवय, तुकडे न बघताच बसवत गेलो."

"चूक होते माणसाच्या हातून," ती सावकाश म्हणाली. "तुला तरी कुठे ठाऊक होतं."

इथे थांबता आलं असतं. तिने स्वतः दार उघडून दिलं होतं. मामाने तिच्याकडे न बघता मान हलवली.

"ठाऊक होतं चिंगे. गाडी बंद पडली त्यानंतर आठवड्याभरात असंच दुसरं इंजिन आलं. खोक्यावर हेच वाक्य होतं. वाचलं आणि समजलो. म्हणूनच हे इंजिन कधी उघडलं नाही. किट मिळत नाही म्हणत राहिलो."

भाची स्टुलावर बसली. बाहेर कुणीतरी चाकात हवा भरून घेण्यासाठी हाक मारली, मामाने हातानेच नंतर या म्हणून खुणावलं.

"मी बारा वर्षं बसने फिरतेय मामा. दिवा दिसला नसेल, असं मलाही वाटायला लागलं होतं. बाबांना फोन लाव."

"संध्याकाळी घरी येऊन सांगतो. समोर बसून."

"आत्ता."

त्याने फोन लावला. आडवळण न घेता सगळं सांगितलं, खोक्यावरच्या वाक्यासकट. पलीकडून दाजी एवढंच म्हणाले, "तिला दे."

भाचीने मान हलवली. "सांग, नंतर बोलते."

मामाने तसं सांगून फोन खाली ठेवला. "रागावलीस?"

"हो," ती म्हणाली आणि पेन काढलं. "मधलं किट घेऊ. बेअरिंगचं माप सांग, लिहून घेते."

"क्रँक आधी घासून घ्यावा लागेल. तो जेवढा बारीक होईल, तेवढी बेअरिंग जाड." त्याने मापणी क्रँकला लावली, आकडा वाचला आणि सांगितला.

"परत मोज," भाची म्हणाली.

त्याने परत मोजलं. तिने मापणी त्याच्या हातातून घेतली, स्वतः आकडा वाचला आणि मगच लिहिला.