येवसेयचा खर्ज

मी एक जुनी लिरा आहे. मित्रांनो, नाव ऐकून काही भव्य डोळ्यांसमोर आणू नका. लांबट पोटाचा लाकडी डबा, आत एक चाक, चाक फिरवायला शेपटाकडे एक मूठ आणि त्या चाकावर घासल्या जाणाऱ्या आतड्याच्या तीन तारा, एवढाच माझा संसार. मधल्या तारेवर गाणे वाजते. बाजूच्या दोन तारा एकच सूर धरून घुमत राहतात. त्यांतली जाड तार खर्जाची. गाणे कुठेही हिंडून आले तरी खर्ज जागचा हलत नाही. माझी गोष्ट मुख्यतः त्या एका तारेची आहे.

देस्ना नदीकाठच्या ग्लुशित्सी गावात साव्वा सुताराने मला घडवले. त्याने मेपलचा एक ओंडका मधोमध चिरला. एका अर्ध्याची काथवट झाली आणि दुसऱ्या अर्ध्याची मी. माझ्या त्या बहिणीने जन्मभर एका घरची राय नावाच्या धान्याची कणीक मळू दिली आणि तिच्याविषयी कुणी तक्रार केल्याचे माझ्या कानावर नाही. माझ्याविषयी मात्र पुष्कळांनी केली. "दारात मांजराचं शेपूट सापडलंय का?" असे लोक विचारीत.

साव्वाने मला येवसेयच्या मांडीवर ठेवले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. लहानपणी देवी येऊन त्याचे डोळे गेले होते. त्याने मूठ फिरवली, तोंड मिटून गुणगुणायला सुरुवात केली आणि जाड तारेची खुंटी हळूहळू पिळली. तार त्याच्या गळ्याजवळ सरकत गेली. दोन आवाजांमधली थरथर कमी कमी होत थांबली. मग त्याचा गळा कुठे संपतो आणि माझी तार कुठे सुरू होते, ते साव्वालाही कळेना.

"हं. लागली," येवसेय म्हणाला.

पुढची चाळीस वर्षे हेच चालले. हवा बदलली की माझी तार हटकून उतरायची नाहीतर चढायची. येवसेय गुणगुणायचा आणि तिला परत जागेवर आणायचा. ती जागा माझ्या अंगावर कुठेही खुणेने दाखवलेली नव्हती. ती त्याच्या गळ्यात होती.

आम्ही खूप हिंडलो. जत्रांत बसलो, चर्चच्या पायऱ्यांवर बसलो, लग्नांत बसलो. लोक झोळीत अंडी टाकीत, पाव टाकीत, खारवलेल्या चरबीचा तुकडा टाकीत. येवसेय संतांची पदे म्हणू लागला की बायका डोळे पुसत, आणि चावट गाणी म्हणू लागला की त्याच बायका रुमालात तोंड लपवून हसत. पण एक गाणे त्याने कधीच जत्रेत नेले नाही. ते त्याच्या आईचे गवतकापणीचे गाणे होते. कापणी संपायच्या दिवशी लोक कुरणावरून परतत, तेव्हा तो फाटकाशी बसून ते म्हणे.

"दव सुकलं, गवत निजलं, कोयता माझा थांबला. कुरणापल्याड कोण उभं गं, हाक का गं देईना?"

लोक खांद्यावरचे लांब दांड्यांचे कोयते खाली घेऊन उभे राहत. ते गाणे गावात दुसऱ्या कुणाला येत नव्हते. ते येवसेयचे आहे आणि तो आहेच, असे सगळ्यांना वाटे.

त्याची मुलगी उलीता. तिला माझी लाज वाटायची. ती आठ वर्षांची असताना जत्रेत एका मुलीने तिला विचारले, "तो आंधळा मागणारा तुझा बाप ना?" उलीता म्हणाली, "नाही." येवसेय चार हातांवरच बसला होता. त्याने मूठ फिरवणे थांबवले नाही. पण मी त्याच्या मांडीवर होते, त्याची बोटे एका सुरावर चुकली ते मला कळले. त्यानंतर उलीताने मला कधी हात लावला नाही आणि त्यानेही कधी लाव म्हटले नाही. ती मोठी झाली, लग्न करून गेली, नवरा लढाईवरून परत आला नाही तेव्हा बापाकडे राहायला आली. मी तिच्यासमोर खुंटाळ्याला टांगलेली असायची. ती झाडताना माझ्या खालून झाडायची, एवढाच आमचा संबंध.

मग एका हिवाळ्यात येवसेयचा आवाज बसला. मध झाला, गरम दूध झाले, आवाज काही सुटेना. दवाखान्यातला माणूस आला, त्याने घशात चमचा घालून पाहिले आणि बाहेर अंगणात जाऊन उलीताला हळू आवाजात काहीतरी सांगितले. आंधळ्या माणसाच्या घरात अंगणातले बोलणे गुपित राहत नाही. उलीता आत आली तेव्हा येवसेयने मला मांडीवर घेतले होते.

"गवताचं गाणं शिकशील?" त्याने घोगऱ्या आवाजात विचारले. "तुझ्या तोंडून एकदा ऐकायचंय. एकदाच."

"बाबा, माझ्या हातून व्हायचं का ते?"

"कापणीला वेळ आहे अजून," तो म्हणाला. "ये, बस इथं. आणि एक सांगतो, ह्या जाड तारेच्या खुंटीला हात लावायचा नाही. ती मी बघेन."

का लावायचा नाही, ते त्याने सांगितले नाही. मला ठाऊक होते. त्याचा गळा आता एवढ्या एकाच ठिकाणी शिल्लक होता.

उलीताची पहिली चूक ऐका. माझ्या कळा, म्हणजे सूर बदलायच्या लाकडी पट्ट्या, खालच्या अंगाला असतात. बोटाने त्या वर ढकलायच्या, सोडल्या की आपल्याच वजनाने खाली पडतात आणि सूर मोकळा होतो. उलीताला डोळे होते, म्हणून ती बोटे कुठे पडतात ते बघायला गेली. तिने मला मांडीवर उलटेच कलवले. झाले! कळा आत पडल्या त्या पडल्याच आणि मी एका सुरावर अडून किंचाळत राहिले.

येवसेयला हसू आवरेना. हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. "बघतेस काय त्यात? चाळीस वर्षांत मी एकदा तरी बघितलंय का?" तो कुजबुजला.

त्याने तिचे डोळे आपल्या तळव्याने झाकले आणि मला सरळ केले. तेव्हा कुठे तिची बोटे शोधू लागली.

दुसरी अडचण मुठीची. उलीताचा हात जात्यावरचा. दर फेऱ्याला एकदा जोर आणि मग ढिलाई, त्यामुळे गाणे खड्ड्यातून जाणाऱ्या गाडीसारखे हेलकावे खायचे. येवसेय तिच्या हातावर हात ठेवून फिरवी. "पीठ नाही पाडायचं, पोरी." तारेला चाकापाशी लोकर गुंडाळावी लागते, ती जास्त झाली की मी मुकी, कमी झाली की कर्कश. हेही ती चुकत चुकत शिकली. चाकाला राळ लावताना दोनदा तिने बोटे सोलून घेतली.

शेजारची आगाफ्या कुंपणावरून रोज विचारायची, "अगं उलीता, डुक्कर कापताय का? आम्हालाही वाटा ठेवा!"

"सुरी बोथट आहे, काकू, वेळ लागतोय. झालं की आधी तुम्हालाच बोलावते," उलीता म्हणायची, आणि तोंड फिरवून ओठ चावायची.

बर्चच्या झाडांना पाने फुटली तोवर बोटांना चाल आली. खरी अडचण त्यानंतर उभी राहिली. उलीता गाऊ लागली की तिचा आवाज माझ्या खर्जापर्यंत उतरायचा नाही. खाली गेली तर शब्द घशातच विरायचे, वर गेली तर आवाज चिरकायचा. येवसेयचा खर्ज त्याच्या भरदार गळ्यासाठी लावलेला होता. ती रोज स्वतःला त्यात कोंबत होती आणि रोज हरत होती. एव्हाना येवसेयची कुजबुजही गेली होती. तो तिच्या गुडघ्यावर बोटांनी ठोकून चूक दाखवायचा. दुधाशिवाय त्याला काही गिळवत नव्हते.

कापणी संपायला चार दिवस उरले. उलीताने मूठ सोडली आणि ती रडायला लागली. "माझा गळा तुमच्या तारेवर बसत नाही, बाबा. मी काय करू? आवाज कुठून आणू?"

येवसेय तिच्याजवळ सरकला आणि त्याने हात पुढे केले. मग त्याने मला मागून घेतले. एक तळवा उलीताच्या गळ्यावर ठेवला आणि मानेने खूण केली, गा. माझ्याशिवाय, तुझ्या आवाजात. ती गायली. साधीच, दळताना गावे तशी. आणि तो जाड तारेची खुंटी पिळू लागला.

मित्रांनो, मला ते नको होते. चाळीस वर्षांत खुंटीने आपली बैठक धरली होती. ती करकरली, अडली. त्याने बोटे पुसली आणि पुन्हा पिळली. तार त्याच्या आवाजातून निघाली. ती वर गेली, आणखी वर गेली, आणि तिच्यात येवसेय कुठेच राहिला नाही. मला रडू आले असते, पण लाकडाची तेवढी सोय नसते. तिचा गळा आणि माझी तार यांच्यातली थरथर थांबली, तेव्हा तो थांबला. मग बाकीच्या दोन तारा त्याने त्या मानाने लावल्या आणि मला उलीताच्या मांडीवर ठेवले. नंतर तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला आणि दुपारचे दूधही त्याने घेतले नाही.

कापणी संपली त्या दिवशी आम्ही फाटकाशी बसलो. लोक कोयते घेऊन आले आणि उभे राहिले. उलीता दुसऱ्या ओळीत चुकली, पण थांबली नाही. आगाफ्याने त्या दिवशी डुकराचा वाटा मागितला नाही. येवसेयचे ओठ गाण्याबरोबर हलत होते, शब्द न् शब्द. गाणे संपल्यावर उलीता त्याच्याकडे वळली.

"बाबा, मी लहान असताना त्या जत्रेत..."

त्याने तिच्या तोंडावर हात ठेवला. सफरचंदे उतरायच्या आधी तो गेला.

उलीताने मला पुढे पुष्कळ वर्षे वाजवले. ते गाणे तिने आगाफ्याच्या सुनांना शिकवले, म्हणून ते अजून गावात आहे. मी आता शाळेत असते. मला नव्या तारा आहेत, राळ वेळेवर मिळते, मुले भांडून मूठ फिरवतात. माझे हाल नाहीत. मला सांगायची आहे ती येवसेय गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवसाची गोष्ट.

त्या दिवशी रीतीप्रमाणे लोक त्याच्या नावाने मधातले गहू आणि धिरडी खाऊन गेले. दुपारी घर रिकामे झाले. उलीताने मला मांडीवर घेतले आणि जाड तारेची खुंटी उलटी पिळली. तिला बापाचा खर्ज ऐकायचा होता. त्याने तिच्याकडे एकदा मागितले होते, तसे तिनेही एकदाच मागितले. तार उतरू लागली. उलीता डोळे मिटून ऐकत होती. "इथं?" तिने विचारले. नाही. तिने तार आणखी थोडी उतरवली. "इथं होता ना, बाबा?" तेही नव्हे. मीही शोधत होते. मला वाटले होते की मला तरी आठवेल, चाळीस वर्षे मी तोच सूर धरला होता. पण माझ्याजवळ फक्त तार होती, आठवण त्याच्या गळ्यात होती. खाली येता येता तार इतकी सैल झाली की चाकावर नुसती फडफडू लागली. उलीताचा हात खुंटीवर तसाच होता.

"वर की खाली, बाबा?" ती म्हणाली. "नुसतं गुडघ्यावर ठोका. वर की खाली?"

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी गुणगुणत असेल, तर हातातले काम ठेवा आणि त्याच्याजवळ जाऊन बसा. वर की खाली, हे त्याला आजच विचारा.