मेल्यावर लिहिलेलं प्रकरण

मंगळवार, सकाळचे अकरा. ओनिचा शहराजवळच्या एका गावात ओबिओराचं अंगण. त्याला जाऊन वर्ष झालं होतं आणि भाऊबंद त्याच्या वस्तू वाटून घेत होते. सायकल आणि दोन बकऱ्या यांच्या मधोमध मी पडले होते. मी एक वही. निळ्या पुठ्ठ्याची.

मला आणलं ओबिओराच्या बायकोने, उगोन्माने. शाळेत शिकवून आली की ती कंद शिजत टाकायची आणि चुलीपाशी बसून माझ्यात कादंबरी लिहायची. ओबिओराने मला आयुष्यात एकदाच हातात घेतलं, तेही उकळतं पातेलं उतरवायला. तो काळा डाग माझ्या पाठीवर अजून आहे.

तो गेला. सासरच्या बायकांनी उगोन्माचं डोकं भादरलं. प्रेताला आंघोळ घातलेलं पाणी तिला पाजलं, नवऱ्याला तिने मारलेलं नाही हे सिद्ध व्हावं म्हणून! त्या पाण्याची चव जिभेवर असतानाच तिने माझ्यात शेवटचं प्रकरण लिहिलं. खाली तारीख घातली.

आणि आता तिचा दीर न्वाफोर मला उचलत होता.

"भाऊजी, ती माझी आहे. अक्षर बघा."

"घर कुणाचं, वहिनी?"

"तुमच्या भावाचं."

"मग घरातली कोंबडी कुणाची?"

"कोंबडी लिहीत नाही, भाऊजी."

"अंडं तर घालते ना? तेही मालकाचंच!"

पुरुष पोट धरधरून हसले. मी न्वाफोरच्या काखेत गेले.

पुढच्या वर्षी माझं पुस्तक झालं. वर नाव ओबिओराचं. शहरात सभा भरली. एक प्राध्यापक डोळे पुसत म्हणाले, "बाईचं दुःख एका पुरुषाला इतकं कळावं!" मागून उगोन्मा ओरडली, "भोगलं मी, लिहिलंही मीच!"

"बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय," न्वाफोर म्हणाला. दोन माणसांनी तिला दंडाला धरून बाहेर नेलं. प्राध्यापकांनी चष्मा पुसला आणि भाषण पुढे चालू ठेवलं.

आता मी गावच्या सभागृहात काचेच्या कपाटात आहे, शेवटचं पान उघडं ठेवून. लोक येतात, मान डोलावतात, फोटो काढतात. अहो, फोटो पुरे, जरा वाचा!

कपाटावरच्या पितळी पाटीवर कोरलंय : ओबिओरा, मृत्यू ३ मार्च. माझ्या शेवटच्या पानाखाली तारीख आहे त्याच वर्षीची, १२ मार्च.