शेडमधला कोरा पडदा

सकाळपासून कितव्यांदा तरी इंटरकॉम वाजला तेव्हा शरीफाने तो उचलून आधीच सांगून टाकलं, "नाही आलं. पडदा कोराच आहे."

"मी पाठवलंय," वरच्या ऑफिसातून कमळाकर ओरडला. "तुमच्याकडंच काय तरी बिघाड हाय!"

"माझ्याकडे? अरे, सगळं तपासून बसलेय मी!" तिने इंटरकॉम आपटला.

साल १९८९. खालापूरजवळच्या त्या साच्यांच्या कारखान्यात नवे युनिक्स कॉम्प्युटर आले होते. ड्रॉइंगचा प्रोग्राम चालायचा वरच्या ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर, पण त्याचं चित्र केबलमधून खाली शेडमधल्या पडद्यावर उघडायचं. केबलवरच्या प्रत्येक कॉम्प्युटरला आपला नंबर असायचा; जो नंबर टाकावा, त्या पडद्यावर चित्र जायचं. कमळाकर वरून प्रोग्राम सुरू करायचा, शरीफा खाली चित्र बघून वाल्मिकला मापं द्यायची आणि वाल्मिक मिलिंग मशीनवर पोलाद कापायचा. आज मशीन बंद होतं.

तेवढ्यात मॅनेजर शितोळे शेडमध्ये आले. सगळे कामगार उभे असताना म्हणाले, "बाई, हे पोळ्या लाटायचं काम नाही. झेपत नसेल तर सांगा, इथे माणूस बसवतो."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. वाल्मिकने मान खाली घातली. शितोळे निघूनही गेले. शरीफाचे कान तापले होते. चौक गावाहून एसटीने रोज येऊन, घरच्यांशी भांडून मिळवलेल्या डिप्लोम्यावर ती इथे बसली होती. केबलची टोकं तिने काढून पुन्हा लावली होती, कॉम्प्युटर बंद करून चालू केला होता. ऑफिसातल्या प्रोग्रामला आपल्या पडद्यावर उघडायची परवानगीही दिलेली होती. ती तडक जिना चढून वर गेली.

"एरर काय येते?" तिने कमळाकरला दरडावून विचारलं.

"येतच नाय. प्रोग्राम चालू होतो आन् थोड्या वेळानं आपोआप बंद पडतो."

शरीफा थबकली. तिच्या पडद्याने चित्र नाकारलं असतं, तर इथे तसा संदेश आला असता. संदेश नाही, म्हणजे चित्र कुठेतरी उघडत होतं.

"पाठवतोस कुठल्या नंबरावर?"

कमळाकरने दाखवलं. तो शेडचा जुना नंबर होता.

"हा आता माझा नाही! काल सुट्टीच्या दिवशी इंजिनिअर येऊन बदलून गेला. सकाळी शेडमध्ये कळलं मला. तुला कुणी सांगितलं नाही?"

"मला कोण सांगतंय? मंग जुना नंबर दिला कुणाला?"

दोघांनी एकदमच शितोळ्यांच्या काचेच्या केबिनकडे पाहिलं. कालच तिथे नवा कॉम्प्युटर बसला होता.

"परत पाठव," शरीफा म्हणाली.

काचेपलीकडे शितोळ्यांच्या पडद्यावर साच्याचं ड्रॉइंग उघडलं. शितोळे चरफडले आणि त्यांनी ते बंद करून टाकलं. इकडे कमळाकरचा प्रोग्राम मेला.

शरीफा दार न ठोठावताच आत शिरली. "साहेब, ते बंद करू नका."

"ही कटकट सकाळपासून चाललीये! कोण पाठवतंय हे?"

"ते माझं ड्रॉइंग आहे. शेडचा नंबर काढून तुमच्या कॉम्प्युटरला दिलाय. तुम्हीच करून घेतलंत ना? मग ऑफिसला का नाही सांगितलंत?"

शितोळ्यांनी एकदा पडद्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "बरं, बरं. सापडलं ना? जा, काम सुरू करा."

"शेडमध्ये चला."

"कशाला?"

"मघाशी सगळ्यांसमोर बोललात, ते सगळ्यांसमोर मागे घ्या."

"बाई, डोकं ठिकाणावर आहे का? बाहेर व्हा!"

ती बाहेर आली. कमळाकरने नवा नंबर घालून प्रोग्राम सुरू केला आणि तिच्यामागोमाग खाली आला. शेडच्या पडद्यावर ड्रॉइंग लख्ख उघडलं होतं.

"ऐका रं!" कमळाकर मोठ्याने म्हणाला. "ताईंची काय चूक नव्हती. साहेबांनी नंबर बदलला आन् कुणाला सांगितलं नाय. मीबी उगाच ताईंवर वरडत बसलो."

मघाशी हसलेला आता मशीनआड सरकला.

"तू कशाला आलास?" शरीफा म्हणाली. "त्या शितोळ्याने यायला हवं होतं."

"तो काय येत नाय, ताई."

"माहीत आहे मला!" तिने खुर्ची ओढली आणि पडद्यावरचं पहिलं माप वाल्मिकला इतक्या मोठ्याने सांगितलं, की वरच्या केबिनमध्येही ऐकू गेलं असेल.